धोक्याच्या रकान्यातली चार पानं

बायकोला मी माझ्या सगळ्या लबाड्या सांगितल्या आहेत. डॉक्टरांनी बंद केलेली मिसळ मी अजून खातो हे तिला माहीत आहे. तिच्या चुलतभावाच्या लग्नाला ताप आल्याचं सोंग करून घरी लोळत होतो, हेही माहीत आहे. ही एक तेवढी सांगितलेली नाही. तिलाच काय, कुणालाच नाही. सांगायला बसलो की जीभ भलतीकडंच वळते — ऑफिसबद्दल बोलत सुटतो, साहेबांना नावं ठेवतो, युरोपातल्या गॅसवर भाषण देतो. आत्ताही तसंच होणार आहे. जरा सोसून घ्या.

आमचं ऑफिस राजारामपुरीत होतं, एका मिठाईच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. कंपनी पुण्याची. काम कसलं, हे मी पाहुण्यारावळ्यांना आजवर धड समजावू शकलेलो नाही. मेहुणा दर दिवाळीला विचारायचा, "दाजी, म्हंजे नेमकं करता काय वो तुम्ही?" परदेशातल्या बड्या कंपन्या बाजारात कुठं उभ्या आहेत, त्यांच्या पुढं कोण, मागून कोण येतंय, याचे अहवाल आम्ही इंग्रजीत लिहायचो. वाचणारे तिकडंच कुठंतरी बसलेले. म्हणजे बघा — कंपनी तिथली, गिऱ्हाईक तिथलं, आणि तिचं बरं चाललंय की वाईट हे ठरवणार कोण? तर मी, जो गोव्याच्या पलीकडं कधी गेलेला नाही. यात मला तेव्हा काही गैर वाटायचं नाही. उलट माज होता.

प्रत्येक अहवालाच्या शेवटी चार रकाने असायचे. बळ, उणिवा, संधी, धोके. कुठलीही कंपनी या चार खोक्यांत बसवायची आणि पाठवून द्यायची. आमच्यात पद्धत अशी होती की प्रत्येकानं आपापला भाग लिहून ऑफिसच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवायचा. स्वतःच्या मशीनवर काही ठेवायचं नाही, घरी तर न्यायचंच नाही, तसा नियमच होता. मग सगळे भाग एकत्र करून, काटछाट करून, अहवाल पुण्याला पाठवणारा एकच माणूस. तो मी.

ती कंपनी युरोपातली, वीज आणि गॅस दोन्ही विकणारी, भलीमोठी. नाव सांगत नाही. सांगून तुम्हाला काही उपयोगही नाही. तिची स्वतःची वीज केंद्रं होती, गॅसचे वर्षानुवर्षांचे खरेदी करार होते, लाखो घरांत तिचं बिल जात होतं. ती केंद्रं आणि ते करार माझ्याकडं होते. धोक्याचा रकाना महानंदा मॅडमकडं होता.

आता महानंदा मॅडमबद्दल सांगायला पाहिजे. इथंच मी दरवेळी थांबतो.

बाई गडहिंग्लजच्या. वय माझ्याएवढंच, म्हणजे तेव्हा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस. बरीच वर्षं तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवलं, कायम कुणी केलं नाही, म्हणून वैतागून आमच्याकडं आल्या. लग्न केलेलं नव्हतं. आठवडाभर आमच्या शहरातच, मंगळवार पेठेत एका खोलीत राहायच्या आणि शनिवारी दुपारी एसटीनं गावी जायच्या. तिकडं भाऊ-वहिनी आणि आई. आईला त्या अव्वा म्हणायच्या. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि कागदावर असं इंग्रजी की माझी काटछाटीची हौसच भागायची नाही. आमचा हुद्दा एकच होता, तरी मी आधी लागलो म्हणून मला सर म्हणायच्या. एखादी गोष्ट कळली नाही तर त्या ती कळेपर्यंत सोडायच्या नाहीत. मला मात्र न कळताही लिहिता यायचं आणि त्याचा मला अभिमान होता.

हळूहळू काय झालं, पुण्याहून साहेबांचा व्हिडिओ कॉल आला की ते पहिल्यांदा विचारायचे, "महानंदाजींचं काय मत?" आधी ते मला विचारायचे. एवढंच. तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून? होय, एवढ्यावरून. जगातल्या कंपन्यांपैकी कोण पुढं सरकतंय आणि कोण मागं पडतंय हे मला लांबून दिसत होतं, आणि इथं टेबलापलीकडं काय चाललंय हेही दिसत होतं. मला या बाईचा हेवा वाटायचा. सरळ शब्दांत लिहितो, म्हणजे पुढं गोड करून सांगायचा मोह होणार नाही.

तर तिनं ती चार पानं लिहिली. विषय असा की या कंपनीची गिऱ्हाइकं तिला सोडून दुसऱ्या, लहान कंपन्यांकडं चालली आहेत, आणि हाच तिचा सगळ्यात मोठा धोका आहे. मी वाचलं आणि मला हसू आलं. अहो, लाईटची कंपनी कुणी सोडतं का? आपल्याकडं लाईट गेली तर वायरमनला फोन करायचा, त्यानं उचलला नाही तर चार शिव्या द्यायच्या आणि मेणबत्ती शोधायची. सोडून जाणार कुठं? खांब एक, तार एक, मीटर एक. एकाच तारेतून दोन कंपन्यांची लाईट येणार कशी?

मी तसं तिला विचारलंही, पानं वाचल्याचं न सांगता, सहज विषय काढल्यासारखं. तिनं शांतपणे समजावलं. "सर, तार एकाची असती, विकणारा दुसरा. आपण दूधवाला न्हाई का बदलत? तिथं लाईटवाला बदलत्यात." मी मान हलवली. आणि मनात म्हटलं, ही बाई काय मला शिकवणार? दूधवाला म्हणे! आमच्या घरचा दूधवाला माझ्या वडिलांपासून तोच आहे, पाणी घालतो हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, तरी कुणी बदलला नाही. मी माझ्या गल्लीवरून अख्ख्या युरोपाचा अंदाज बांधला. अशा अंदाजावर मी पोट भरत होतो.

अहवाल चाळीस पानांत बसवायचा होता आणि चव्वेचाळीस भरत होता. काय कापायचं? माझी वीज केंद्रं? छे. मी तिची चार पानं उचलून बाजूला ठेवली आणि बळाच्या रकान्यात एक वाक्य घातलं — ग्राहकसंख्या प्रचंड, त्यामुळे बाजारातील स्थान भक्कम. जो धोका तिनं शोधून काढला होता, तोच मी बळ म्हणून लिहून टाकला. आणि अहवाल तिला न सांगता पाठवून दिला. आमच्यात शेवटची प्रत कुणी उघडून बघत नसे, एकदा गेला की गेला.

आता इथपर्यंत काय झालं? चूक झाली. अडाणीपणा झाला, थोडा खुनशीपणाही झाला. पण हे कबूल करायला मला इतकी वर्षं लागली नसती. हे तर मी हसत हसत बायकोला सांगितलं असतं.

तीन आठवड्यांनी पुण्याहून निरोप आला. अहवाल घेणारे तिकडचे लोक चिडले होते. दुसऱ्या दोन ठिकाणांहून त्यांनी याच कंपनीचे अहवाल घेतले होते, आणि दोन्हींत पहिल्या पानापासून गिऱ्हाइकं सुटत चालल्याचं होतं. त्या हिवाळ्यात गॅस महागला होता आणि तिकडं घराघरांत हाच विषय होता. आमच्या अहवालात त्याचा एक शब्द नाही, वर स्थान भक्कम! साहेबांचा मेसेज आला, चार वाजता कॉल घेऊ, दोघंही बसा.

मेसेज आला तेव्हा अडीच वाजले होते. महानंदा मॅडम खाली चहाला गेल्या होत्या. म्हणजे माझ्याकडं तेव्हा काय काय मार्ग होते? मी म्हणू शकत होतो की पानं जास्त होत होती, काढावी लागली, अंदाज चुकला. साहेब जरा बोलले असते. बस्स. आणखी काही झालं नसतं, हे मला तेव्हाही माहीत होतं — आणि तरी मी फोल्डर उघडलं. तिची फाईल तिथं होती. तिचं नाव, तारीख, सगळं. मी ती काढून टाकली. मग जिथं काढलेल्या फाईली जाऊन पडतात, तिथूनही काढून टाकली. दोन मिनिटांचं काम. एवढं मात्र आठवतं की खालून तळलेल्या शेवेचा वास येत होता आणि मला भूक लागली होती.

चार वाजता मी साहेबांना म्हणालो, "मॅडमकडून तो भाग आलाच नव्हता, सर. मला वाटलं, त्यांना महत्त्वाचा वाटला नसेल."

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिनं फोल्डर उघडलं, वर-खाली शोधलं, पुन्हा शोधलं. मग पिशवीतून वही काढली. वहीत त्या विषयाची पेन्सिलीनं काढलेली टिपणं होती, पानंच्या पानं. ती त्या टिपणांकडं बघत राहिली आणि म्हणाली, "टिपणं काढलीत की मी. मग टाइप करायचंच राहिलं जणू. माझंच चुकलं, सर."

पुण्याच्या संगणकवाल्याला एक फोन केला असता तर ती फाईल जुन्या प्रतींतून परत निघाली असती. पण मागायची कुणी? तिला ते माहीत नव्हतं आणि मला माहीत होतं. साहेब म्हणाले, ठीक आहे, पुढं काळजी घ्या, दोन दिवसांत पुरवणी पाठवा. कॉल सात-आठ मिनिटांत संपला. चिडचिड होते ती याचीच! एवढ्याशा बोलण्याला घाबरून मी ते केलं. ना माझं काही वाचलं, ना तिला कुणी रागावलं. दोन दिवसांत तिनं तो भाग पुन्हा लिहून दिला, आधीपेक्षा चांगला. तिकडच्यांनी तिचं कौतुकही कळवलं. एखाद्याला वाटेल, मग बिघडलं काय?

सांगतो काय बिघडलं. यातलं खरं लपवलेलं हेच आहे.

हे घडायच्या काही महिने आधी, एकदा डबा खाताना ती अव्वांबद्दल बोलली होती. एकटी माझ्याशीच. ऑफिसात दुसऱ्या कुणाला ते ठाऊक नव्हतं. अव्वांना काही आठवेनासं झालं होतं. पोटच्या मुलीला विचारायच्या, तुम्ही कुणाकडच्या? चूल बंद असताना दूध उतू गेलं म्हणून ओरडायच्या. बोलता बोलता तिनं भाकरी तशीच हातात धरली आणि म्हणाली, "माझ्याच वयात सुरू झालतं बघा, सर. लई न्हाई, एकेक गोष्ट राहून जायाची. केली म्हणायची आणि केलेली नसायची. मला त्याचीच भीती वाटती." मी काहीतरी म्हणालो, असं काही होत नसतं, तुमचं डोकं तर आमच्या सगळ्यांपेक्षा तल्लख. आणि शेंगदाण्याची चटणी पुढं ओढली.

म्हणजे मला माहीत होतं. चार वाजता ते वाक्य बोलताना मला नेमकं माहीत होतं की ते कुठं जाऊन लागणार आहे. तिला मला खोटं पाडता येणार नाही, एवढाच माझा डाव नव्हता. ती स्वतःच मान्य करेल, याची मला खात्री होती. दुसऱ्या कुणावर असा आळ घेतला असता तर त्यानं ऑफिस डोक्यावर घेतलं असतं. ती घेणार नाही हे मला त्या डबा खाण्यामुळं कळलेलं होतं.

त्यानंतर तिचं सगळंच बदललं. काम पाठवलं की मला विचारायची, "सर, आलं न्हवं?" दिवसातून चार वेळा. जिना उतरून गेल्यावर परत वर येऊन पंखा बंद आहे का बघायची. खोलीवरचा गॅस बंद केला की नाही याची आठवण राहावी म्हणून निघताना मोबाईलवर शेगडीचा फोटो काढायची आणि एसटीत बसल्यावर बघायची. तीच बाई, जी युरोपातल्या गॅसच्या करारांतली बारीक कलमं तोंडपाठ म्हणायची! मला ते बघवत नव्हतं. बघवत नव्हतं म्हणून मी काय केलं? वैतागायला लागलो. तिसऱ्यांदा विचारलं की मी चढ्या आवाजात म्हणायचो, आलं, आलं, किती वेळा सांगू? माझ्याच पापाचा मला तिच्यावर राग यायचा.

साडेतीन-चार महिन्यांनी तिनं नोकरी सोडली. साहेबांनी थांबवायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, माझ्या भरवशावर राहू नका, डोकं साथ देत नाही. शेवटच्या दिवशी तिनं सगळ्यांना पेढे दिले. मलाही दिला, आणि म्हणाली, तुम्ही सांभाळून घेतलंत. मी तो पेढा खाल्ला.

पुढं आमचं ऑफिसच बंद झालं. असले अहवाल आता मशीन लिहितं म्हणतात, आणि बहुतेक माझ्यापेक्षा बरं लिहीत असणार. साहेब दुसऱ्या धंद्यात गेले. मी घरी बसून एका शिकवणीसाठी प्रश्नपत्रिका तपासतो. सांगायचा मुद्दा असा की त्या खोट्यानं जे काही वाचवायचं होतं, त्यातलं आता काहीही शिल्लक नाही.

गेल्या उन्हाळ्यात अव्वा गेल्या. मला जुन्या सहकाऱ्याकडून कळलं. दिवसकार्य उरकल्यावर मी गडहिंग्लजला भेटायला गेलो. वाटेत ठरवलं होतं, आज सांगून टाकायचं. खरंच ठरवलं होतं. निपाणीच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा वाक्यसुद्धा जुळवलं होतं.

ती घराच्या पुढच्या सोप्यात बसली होती. केस पांढरे झालेले, बाकी तशीच. भाऊ मळ्याकडं गेला होता, वहिनी आत. अव्वांच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलणं झालं. मग ती म्हणाली की आजऱ्याच्या एका कॉलेजात जागा निघाली आहे. अर्थशास्त्रच, यावेळी कायमची. त्यांनी स्वतःहून विचारलं आहे, कारण तिथले प्राचार्य तिला ओळखतात. आज दुपारपर्यंत कळवायचं आहे. नोकरी सोडल्यापासून अव्वांमुळं घराबाहेर पाऊल टाकता आलं नव्हतं, आता येईल. मग म्हणाली, "पण पोरांच्या वर्षाचा प्रश्न हाय, सर. डोकंच चालत नसलं तर कशाला जावं? म्हणून तुम्हाला एक विचारायचंय. तुम्ही आलासा ते बरंच झालं."

मी म्हणालो, विचारा.

"त्या टायमाला ती चार पानं मी खरंच ठेवली नव्हती? कारण मला आठवतंय. टाइप केलेलं आठवतंय. शेवटचं वाक्यबी आठवतंय." आणि तिनं ते म्हणून दाखवलं. इंग्रजीतच. मराठीत त्याचा अर्थ असा — जी गिऱ्हाइकं अजून राहिली आहेत ती समाधानी आहेत म्हणून राहिलेली नाहीत, त्यांनी अजून विचार केलेला नाही एवढंच. शब्दन् शब्द तसाच होता. मी ते वाचलं होतं. हसत हसत बाजूला ठेवलं होतं. "हे मी दुसऱ्यांदा लिहिलं तवाचं असंल, तर गोष्ट येगळी," ती म्हणाली. "पर मला पयल्यांदाचं वाटतंय. आणि पयल्यांदा लिहिलंच नसंल, तर मग न झालेलं आठवतंय मला. अव्वाचं तसंच व्हतं."

दुसऱ्यांदा लिहिलेल्या पानांत ते वाक्य नव्हतं. मला माहीत होतं, ती पानंही मीच जोडली होती.

ऑफिस नाही, साहेब नाही, पगार नाही. समोर एक बाई, आणि तिला हवं असलेलं एकच उत्तर. ठेवली होती, एवढंच म्हणायचं होतं फक्त. जुळवून आणलेलं वाक्य तोंडात तयार होतं. आणि मला वाटलं — हिला आता कळलं तर ही माझ्याकडं कशी बघेल?

मी म्हणालो, "नाही मॅडम. नव्हतीच ती फोल्डरमध्ये."

तिनं दोनदा मान हलवली. मग मोबाईल उचलला, आजऱ्याला फोन लावला आणि माझ्यासमोरच सांगितलं की आभारी आहे, पण जमणार नाही, घरची अडचण आहे. तिकडून आग्रह चालला असावा, कारण ती बराच वेळ नुसतं व्हय, व्हय, करत होती. मी तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो. तिला थांबवायला तेवढा वेळ पुष्कळ होता.

फोन ठेवून ती म्हणाली, "सुटलं एकदाचं." मी हो म्हणालो. वहिनीनं आणलेला चहा प्यालो आणि तीनच्या गाडीनं परत आलो. त्यानंतर मी तिच्याकडं गेलेलो नाही, फोनही केलेला नाही, आणि पुढं करीन असं मी इथं लिहीत नाही.